आजोळच्या डब्यातली चार नाणी: खरी नाहीत, मग मुळात कशासाठी केली असतील?

वाशिष्ठी
गुहागर तालुक्यातलं आमचं आजोळ वर्षभर बंद असतं, गणपतीत तेवढं उघडतं. यंदा माळा आवरताना मामीला एक पितळेचा डबा मिळाला. आत कुंकू लागलेली सुपारी, तुटका करदोटा आणि चार नाणी. घरात "डब्यात गिन्या आहेत" (म्हणजे सोन्याची इंग्रजी नाणी) असं सगळेच म्हणायचे, त्या याच. फोटो देतेय, पण चकाकीमुळे अक्षरं नीट आलेली नाहीत, म्हणून वर्णनही लिहिते.

पहिलं पिवळं, गिनीएवढंच. एका बाजूला तरुण व्हिक्टोरिया राणी. दुसऱ्या बाजूला मुकुट घातलेला घोडेस्वार, घोड्याच्या पायाखाली सापासारखा प्राणी, वर इंग्रजीत 'टू हॅनोव्हर' आणि साल १८३७.

दुसरं पण पिवळं, पातळ. एका बाजूला राजाचा चेहरा, मागे पत्त्यातल्या इस्पिकासारखी टोकदार ढाल. कडेने 'इन मेमरी ऑफ द गुड ओल्ड डेज' आणि १७९७. वरच्या बाजूला भोक पाडलेलं आहे.

तिसरं सगळ्यात सुंदर. पातळ पत्रा, मध्ये उभी काठी, एका बाजूला उभा माणूस, दुसऱ्या बाजूला गुडघे टेकलेला. कडेने अक्षरांसारखं काहीतरी आहे, पण ती कुठल्याच लिपीतली वाटत नाहीत.

चौथं तांब्याचं, जाड आणि जड. हनुमान. मागे 'ईस्ट इंडिया कंपनी', १८१८, आणि 'यू के एल वन आना'.

किंमत काय येईल हा माझा प्रश्न नाही. ही कोणी आणि कशासाठी केली, ते जाणून घ्यायचं आहे.

भरतीओहोटी
चौथं सांभाळून ठेवा! आमच्या गावात एक जण सांगत होता की हनुमानाच्या कंपनी नाण्याला कोटीत भाव आहे. तांदूळ ओढतं म्हणे.

नाणेवेडा
भरतीओहोटी, त्यावर सविस्तर लिहितो, पण आधी वाशिष्ठीताईंचं काम. ताई, वजन, व्यास आणि कड, या तीन गोष्टी द्या. कडेवर रेघा आहेत की ती गुळगुळीत आहे, आणि कडेने एखादी जोडाची रेष फिरते का, तेही बघा. ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो, या छंदात त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. आणि एक हात जोडून विनंती, काहीही घासू नका. कोकणातल्या घरात पितळ दिसलं की हात आपोआप चिंचेकडे, आमसुलाकडे नाहीतर पितांबरीकडे जातो. नाण्यावरचा जुना थर एकदा गेला की परत येत नाही, आणि बऱ्याचदा नाण्याचा इतिहास त्या थरातच असतो.

वाशिष्ठी
मामी आमसुलाचं पाणी करायला निघालीच होती, थांबवलं. शेजारच्या मुलाकडे काटा निघाला. पहिलं ३.१ ग्रॅम, २२ मिमी. दुसरं २.४ ग्रॅम, २३ मिमी. तिसरं ३.३ ग्रॅम, २० मिमी. चौथं २१.४ ग्रॅम. चौथ्याची कड गुळगुळीत आहे.

नाणेवेडा
वा! आता बोलता येईल.

पहिलं. आपल्याकडे जिला गिनी म्हणतात ती बहुतेक वेळा ब्रिटिश सॉव्हरिन असते. तिचं वजन ७.९८ ग्रॅम, व्यास २२ मिमी, सोनं २२ कॅरट. यातलं लाखो नाणं १९१८ साली खुद्द मुंबईच्या टांकसाळीत पडलं, त्यावर बारीक 'आय' अक्षराची खूण असते. तुमच्या नाण्याचा व्यास सॉव्हरिनचाच आहे, वजन मात्र निम्म्याहून कमी. म्हणजे ते पितळी. पण कोणीतरी मुद्दाम सॉव्हरिनच्या मापाचं केलं, हे नक्की.

भरतीओहोटी
म्हणजे फसवायलाच केलं असणार. नाहीतर तंतोतंत तेच माप कशाला घेतील?

नाणेवेडा
फसवायचं असतं तर त्यावर 'टू हॅनोव्हर', म्हणजे 'हॅनोव्हरकडे', असं ढळढळीत कोरलं नसतं. सॉव्हरिनवर सेंट जॉर्ज घोड्यावर बसून ड्रॅगनला मारतोय. इथे घोडा आहे, ड्रॅगन आहे, पण स्वार वेगळा आणि त्याच्या डोक्यावर मुकुट. ओळखीचं चित्र घेऊन त्यातला नायक बदललाय. बघणाऱ्याला हा बदल कळावा अशीच करणाऱ्याची इच्छा दिसते.

१८३७ च्या जूनमध्ये व्हिक्टोरिया राणी झाली. तोपर्यंत इंग्लंडचा राजा तोच जर्मनीतल्या हॅनोव्हरचाही राजा असे. पण हॅनोव्हरच्या वारसा नियमात पुरुष वारस असेपर्यंत स्त्रीला गादी नव्हती, म्हणून ती गेली तिच्या काकाकडे, ड्यूक ऑफ कंबरलँड अर्न्स्ट ऑगस्टसकडे. हा इंग्लंडमध्ये अतिशय नावडता होता. तो हॅनोव्हरला निघाला त्याची टर उडवायला हे पितळी बिल्ले निघाले. म्हणजे मुळात हे राजकीय व्यंगचित्र आहे, फक्त कागदाऐवजी धातूवर काढलेलं.

माजघर
किती छान सांगितलंत. पण एका राजपुत्राच्या फजितीचा बिल्ला गुहागरच्या माळ्यावर कशाला येईल?

नाणेवेडा
कारण पुढे त्याचं काम बदललं. ड्यूक गेला, विनोद शिळा झाला, पण बिल्ला सुबक आणि स्वस्त होता. मग तो पत्त्यांच्या टेबलावर आला. व्हिस्ट खेळताना गुण मोजायला किंवा पैशांऐवजी मांडायला असे बिल्ले लागायचे, आणि त्यासाठी 'टू हॅनोव्हर' वर्षानुवर्षं पडत राहिले, काहींवर तर पुढची सालंही आहेत. अंधारात, घाईत सॉव्हरिन म्हणून ते खपवले जायला लागले ते त्यानंतर. नाण्यासारख्या दिसणाऱ्या अशा बिल्ल्यांवर बंधन घालणारा कायदा इंग्लंडमध्ये १८८३ मध्ये करावा लागला. टवाळी, मग खेळ, मग फसवणूक असा त्याचा प्रवास आहे. म्हणून 'नकली' एवढाच शिक्का मारून मोकळं व्हायला माझा नेहमी विरोध असतो. कुठल्या टप्प्यावरचा नकली, ते विचारलं पाहिजे.

दुसरं त्याचंच भावंड. तिसऱ्या जॉर्जची खरी 'स्पेड गिनी' १७८७ ते १७९९ मध्ये पडली. सोन्याची, ८.३५ ग्रॅम. तिच्यावर ढालीभोवती राजाच्या पदव्यांची लांबलचक लॅटिन आद्याक्षरं असतात. ती काढून 'जुन्या चांगल्या दिवसांची आठवण' असं लिहिलेले पितळी बिल्ले व्हिक्टोरियाच्या काळात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांनी ढिगाने काढले. तेही पत्त्यांसाठीच. काही दुकानदारांनी त्याच जागी आपलं नाव घालून जाहिरात म्हणून वाटले. कडेची अक्षरं वाचली की बिल्ला कोणत्या कामाचा ते बहुतेक वेळा कळतं.

दर्यावर्दी
कोकणात कसे आले याबद्दल माझा अंदाज. रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर खलाशी, सारंग, आगवाले म्हणून गेली. पलटणीत गेली. मुंबईत साहेबांच्या बंगल्यात, क्लबात, गोदीत कामाला होती. खेळ मोडला की असे बिल्ले टेबलाखाली, खुर्चीच्या फटीत सापडणारच. आमच्या घरात पणजोबांच्या ट्रंकेत जहाजावरचे हाडाचे फासे निघाले होते. गिनी समजूनच आणलं असेल असंही नाही, पिवळंधमक, राणीचं चित्र असलेलं काहीतरी घरच्या पोरांना न्यावं असंही वाटलं असेल.

वाशिष्ठी
आजीचे सासरे बोटीवर होते असं मामा सांगतो! कुठल्या बोटीवर, ते आता कोणालाच माहीत नाही.

माजघर
वाशिष्ठी, दुसऱ्याच्या भोकाचा जवळून फोटो टाकशील? भिंगातून बघ, भोक गोल आहे की वरच्या बाजूला ओढल्यासारखं लांबट झालंय.

वाशिष्ठी
लांबट झालंय. वरची कड आतून झिजून अगदी गुळगुळीत लागते, खालची कड अजून बोटाला टोचते. आणि राजाचा चेहरा पुसट, पण मागची ढाल मात्र ठसठशीत.

माजघर
मग ते वर्षानुवर्षं दोऱ्यात लोंबकळलंय. दोरा वर ओढतो म्हणून वरची कड झिजते. चेहऱ्याची बाजू अंगाला घासत होती, ढालीची बाहेर. डब्यात तुटका करदोटा होता म्हणालीस ना? आमच्याकडे बाळाच्या करदोट्यात नाणं, वाघनख, पोवळं असं काय काय ओवायचे. विलायतेतला पत्त्यांचा बिल्ला कोकणात बाळाच्या कमरेला आला, असा माझा तर्क. हासुद्धा त्याचा उपयोगच म्हणायचा की.

नाणेवेडा
माजघरताई, हे निरीक्षण फार मोलाचं आहे. झीज बघायची सवय आम्हा नाणेवाल्यांनाही सहसा नसते.

मालवणचो झील
तिसऱ्याबद्दल माका सांगूचा आसा. आमच्या आजयेची पुतळ्यांची माळ आसा, तेच्यात हीच चित्रां. ती सांगायची, ह्यो राम उभो आसा नि हनुमान पाया पडता. मी ल्हानपणापासून तसाच बघत इलंय. आता भिंग घेऊन बसलंय. काठी आसा, काठयेवर उभी तीन अक्षरां आसत, पण वाचूक गावणत नाय.

सोनारआळी
पुतळीच ती, शंका नको. आमचा पिढीजात धंदा आहे म्हणून लिहितो. हिचं मूळ नाणं इटलीतल्या व्हेनिस शहराचं, डुकॅट. उभा आहे तो संत मार्क, गुडघ्यावर बसलाय तो व्हेनिसचा प्रमुख, ज्याला डोजे म्हणत. संत त्याच्या हाती निशाणाची काठी देतोय. काठीलगत उभी तीन अक्षरं डी, व्ही, एक्स, म्हणजे लॅटिनमध्ये डोजेच. मागच्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात येशू ख्रिस्त.

हे नाणं १२८४ मध्ये सुरू झालं आणि १७९७ मध्ये व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडेपर्यंत चित्र जवळपास तेच राहिलं. वजन साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शुद्ध. पाचशे वर्षं चित्र, वजन, कस बदलला नाही, म्हणून अख्ख्या अरबी समुद्रावर त्याला पत होती. मिरी, कापड घ्यायला तांबड्या समुद्राकडून गलबतं यायची ती हे सोनं घेऊन. दाभोळ, चौल ही तेव्हाची मोठी बंदरं, त्यातलं दाभोळ तर वाशिष्ठीताईंच्या आजोळाच्या अगदी समोरच.

लोकांना ते इतकं आवडलं की खरं मिळेनासं झाल्यावरही दागिन्यांसाठी सोनारांनी स्वतःचे ठसे करून ते पाडलं. लॅटिन कोणाला येत होतं? नकलेची नकल होत गेली आणि अक्षरांच्या रेघा झाल्या, रेघांचे ठिपके. ताईंच्या तुकड्यावर 'कुठल्याच लिपीत नसलेली' अक्षरं आहेत ती यामुळे. पण एक गोष्ट समजून घ्या. हे नाणं म्हणून नकली असलं तरी सोनं म्हणून नकली असेलच असं नाही. गिऱ्हाईक वजनाने आणि कसाने घेत असे. बऱ्याच जुन्या पुतळ्यांचं सोनं आजच्या दागिन्यांपेक्षा चोख निघतं.

वाशिष्ठी
अंगावर काटा आला वाचून. पण आमचं सोन्याचं की मुलाम्याचं? कसोटीवर घासायचं नाहीये.

नाणेवेडा
घासायची गरज नाही. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा, आकडा शून्य करा. तुकडा बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. बुडबुडे चिकटले असतील तर झटकून घ्या. आता काटा जो आकडा दाखवेल तो त्या तुकड्याचा घनफळाचा आकडा, घन सेंटिमीटरमध्ये. कोरड्या वजनाला त्याने भागा, की घनता मिळते. पितळ साडेआठच्या आसपास, २२ कॅरट सोनं साडेसतराच्या वर, शुद्ध सोनं १९.३. आधी पहिल्यावर करून बघा, हात बसेल.

वाशिष्ठी
पहिलं: ३.१ ला ०.३६. म्हणजे ८.६. पितळ!
पुतळी: ३.३ ला ०.१८. म्हणजे १८.३!! पुन्हा पुन्हा केलं, तोच आकडा.

सोनारआळी
मामींना सांगा, डबा माळ्यावर ठेवू नका. :)

नाणेवेडा
अभिनंदन! फक्त एक लक्षात असू द्या. इतक्या छोट्या तुकड्यात काट्याच्या ०.०१ च्या फरकाने उत्तर बरंच हलतं. ०.१७ धरलं तर १९.४ येतं, ०.१९ धरलं तर १७.४. तेव्हा 'चांगलं सोनं आहे' हे खात्रीने म्हणता येतं, नेमके कॅरट नाही. मुलामा दिलेलं तांबं किंवा चांदी असती तर आकडा ९ ते १०.५ च्या पुढे गेलाच नसता. वजन खऱ्या डुकॅटपेक्षा थोडं कमी आणि अक्षरं बिघडलेली, म्हणजे इथल्या सोनारानेच पाडलेली पुतळी, असं माझं मत.

आता चौथं. भरतीओहोटी, हे नीट वाचा आणि गावात सांगा, कारण यात माणसं बुडतात.

कंपनी सरकारने १८१८ मध्ये किंवा कधीही हनुमानाचं एक आण्याचं नाणं काढलेलं नाही. आणा हे हिशेबाचं माप होतं, सोळा आण्यांचा रुपया. तांब्यात पाव आणा, अर्धा आणा निघाले. चलनातलं एक आण्याचं नाणं आलं १९०७ मध्ये, सातव्या एडवर्डच्या वेळी, तेही निकेल मिश्रणाचं आणि नागमोडी कडेचं. मग १८१८ चा 'वन आना' येणार कुठून? अशाच तुकड्यांवर १६१६, १७१७ अशीही सालं असतात. सगळी नंतर, भाविकांसाठी आणि यात्रेच्या बाजारासाठी पाडलेली.

याची मूळ जात म्हणजे रामटंका. राम-सीतेचा दरबार, मागे राम-लक्ष्मण किंवा हनुमान, आणि हे देव्हाऱ्यात पुजायला. तीर्थाहून आणायचं, पूजेत ठेवायचं, कोणालाही त्याने बाजार करायचा नव्हता. त्या परंपरेवर पुढे कोणीतरी कंपनीचं नाव आणि जुनं साल चढवलं, कारण जुनं म्हटलं की श्रद्धा आणि भाव दोन्ही वाढतात. (खऱ्या नाण्यावर राम आहेच. अकबराच्या राजवटीच्या शेवटी, १६०४-०५ च्या सुमारास, नागरीत 'राम सिय' लिहिलेली छोटी नाणी निघाली. ती फार दुर्मीळ, संग्रहालयात बघायची.)

आणि तांदूळ ओढणं. वीज पडली, तांब्यात इरिडियम नावाचा धातू उतरला, तो तांदूळ खेचतो, परदेशातली मोठी संस्था कोटी देते, ही गोष्ट देशभर फिरते आणि अनेक राज्यांत पोलिसांनी अशा टोळ्या पकडल्या आहेत. इरिडियम लोहचुंबकासारखं काही ओढत नाही, तांदळाला तर नाहीच. तांदळाच्या दाण्याला लोखंडाचा कीस चिकटवतात आणि खाली चुंबक लपवतात. 'टेस्टिंग'चे पैसे, शास्त्रज्ञाचं भाडं, खास पोशाखाचा खर्च असं म्हणत आगाऊ रक्कम उकळतात. नाणं तुमच्याकडेच राहतं, पैसे जातात.

भरतीओहोटी
आमच्या वाडीतल्या एका काकांनी याच 'टेस्टिंग'साठी काजूच्या बागेचं उत्पन्न दिलं. घरात अजून कोणाला पूर्ण आकडा सांगितलेला नाही. हा प्रतिसाद छापून वाचनालयात लावतो, चालेल ना?

नाणेवेडा
जरूर लावा. आणि काकांना पोलिसांत तक्रार द्यायला सांगा, लाज त्यांनी बाळगायची नाही.

कातळशिल्प
थोडं अवांतर. रायगडावरून आणलेल्या दोन शिवराया आहेत, 'श्री राजा शिव' आणि मागे 'छत्रपति'. विकणारा जुन्या म्हणत होता. कसं ओळखायचं?

नाणेवेडा
दोन्ही शेजारी ठेवा. शिवराई हाताने घण मारून पाडलेली, त्यामुळे कोणतीही दोन सारखी नसतात. ठसा एकीवर डावीकडे सरकलेला, दुसरीवर अर्धा बाहेर. दोघींवर चीर त्याच जागी, खड्डा त्याच जागी असेल तर दोन्ही एकाच साच्यात ओतलेल्या. पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे गोल खड्डे दिसले तर ते ओतकामातले हवेचे बुडबुडे. एरवी खरी शिवराई काही दुर्मीळ नाही. महाराजांनंतर पेशवाईतही ती पडत होती, उशिराची दुदांडी शिवराई तर खूप सापडते. गडावरची आठवण म्हणून नवी घ्या, अभिमानाने ठेवा, फक्त जुनी म्हणून पैसे मोजू नका.

खेडची पोर
माझा प्रश्न उलटा आहे. आमच्या शेतात बांध फोडताना चांदीची दुमडलेली तार मिळाली, दोन्ही टोकं सारखी, केसातल्या आकड्यासारखी. चपट्या भागावर अरबीसारखी अक्षरं आहेत, पण वरून खालून कापलेली. सगळे म्हणतात जुना दागिना किंवा गळ. ४.७ ग्रॅम.

दर्यावर्दी
लारी!!!

नाणेवेडा
दर्यावर्दींनी ओळखलं. या धाग्यावर आतापर्यंत नाण्यासारखं दिसणारं पण नाणं नसलेलं बघत होतो, हे नाण्यासारखं न दिसणारं अस्सल नाणं असावं. इराणातल्या लार शहरावरून नाव. चांदीची तार दुमडून दोन्ही अंगांनी ठसा मारायचे. ठसा तारेपेक्षा रुंद, म्हणून अक्षरं कापलेली दिसतात. आखाताच्या व्यापारात ही इतकी चालायची की विजापूरच्या अली आदिलशहानेही सतराव्या शतकात आपल्या नावाच्या लाऱ्या पाडल्या. दाभोळ त्यांचंच बंदर. तुमचं वजनही बसतंय.

पण ती जमिनीत सापडली आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा असा ठेवा मिळाला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. तहसील कार्यालयातून अर्ज पुढे जातो. सापडली ती जागा नकाशावर खूण करून ठेवा, आजूबाजूला पुन्हा खणू नका. एकीच्या शेजारी आणखी असतील तर त्यांची मांडणीच अभ्यासकांना बरंच काही सांगते. घरात वारशाने आलेल्या पुतळीला हे लागू नाही, वाशिष्ठीताई घाबरू नका.

खेडची पोर
बाबांना वाचून दाखवलं. आधी कुरकुरले, मग म्हणाले सोमवारी जाऊ.

वाशिष्ठी
सगळ्यांचे मनापासून आभार. मामीने चार कागदी पाकिटं केली आहेत, प्रत्येकावर नाव आणि इथे कळलेली माहिती लिहिली. हनुमान देव्हाऱ्यात गेला, त्याची जागा तीच होती ना. मामा मात्र अजून 'टू हॅनोव्हर'ला गिनीच म्हणतोय.

मालवणचो झील
माझी माळ ऱ्हवली की! एकवीस पुतळे आसत. सगळे एकाच सोनारान केले काय वेगवेगळे, ता कळात काय?

सोनारआळी
कळेल. माळ गुंफलेली आहे तेव्हा वजन एकेकीचं घेता येणार नाही, आणि कड्या उघडायच्या नाहीत, जुना टाका तुटतो. मागच्या बाजूचे फोटो ओळीने काढा, उजेड एका बाजूने तिरका पडू दे. ख्रिस्ताभोवतीचे तारे मोजा. एखाद्या ताऱ्याचा टवका किंवा लंबगोलातली तीच खोट दोन पुतळ्यांवर दिसली तर त्या एकाच ठशातल्या. आणि एखादीवर डी, व्ही, एक्स स्पष्ट वाचता आलं, तर तिचा वेगळा, मोठा फोटो टाका. मूळ व्हेनिसची निघू शकते.